कॅल्शियम डबीतून, डी उन्हातून: पाळीव कासवाच्या हाडांचा हिशेब

सुलकाटा कासवाचं पिल्लू घरी येतं तेव्हा तळहातावर आरामात मावतं. वजन तीस-चाळीस ग्रॅम. नीट वाढलं तर हेच जनावर पुढे चाळीस-पन्नास किलोंचं होतं, आणि त्या वजनाचा मोठा भाग कवचाचा असतो. कवच म्हणजे हाड. कासवाच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्या कवचातच जोडलेले असतात. वरचा खवल्यांचा थर आपल्या नखासारखा, त्याखाली सगळं हाडच. एवढं हाड त्याला गवत-पाल्यातून घडवायचं असतं. म्हणून दुकानदार पिल्लासोबत एक पांढऱ्या पावडरीची डबी देतो: "कॅल्शियम आहे, खाण्यावर टाकत जा." मालक इमानेइतबारे टाकतोही. तरीही वर्षाच्या आत पाठीवर बोट दाबलं तर कवच आत जातं, मागचे पाय ओढत चालणं सुरू होतं, आणि मालक गोंधळतो की कॅल्शियम तर रोज देतोय, मग कमी कुठे पडलं?

कमी पडलेलं असतं ते बहुतेक वेळा ऊन.

पुढे जाण्याआधी कायद्याचं थोडक्यात. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव भारतात घरी पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारातही २०१९ मध्ये त्याला पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात टाकलं. वास्तूसाठी, भरभराटीसाठी म्हणून कोणी दिलं असेल तर ते वनविभागाकडे द्यावं. महाराष्ट्रात १९२६ ही हेल्पलाइन आहे. सुलकाटा हे आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं, साहेल पट्ट्यातलं कासव. परदेशी प्रजाती असल्याने त्याची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. परदेशातले मराठी लोक हर्मन किंवा रशियन कासव पाळतात, तिथले नियम वेगळे. पण शरीराचं गणित या सगळ्यांचं जवळपास सारखं आहे.

कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे शरीरात गेलं असं नाही

आतड्यात पडलेलं कॅल्शियम रक्तात उचलून घ्यायला शरीराला व्हिटॅमिन डीचा हुकूम लागतो. तो नसेल तर पावडर तोंडातून आत जाते आणि बरीचशी तशीच मागच्या बाजूने बाहेर पडते.

हे डी कासवाला मिळतं कुठून? गवतात, पाल्यात ते जवळजवळ नसतंच. रानातलं सुलकाटा मासळी खात नाही, अंडी खात नाही, गोळ्या तर नाहीतच. ते उन्हात बसतं. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्यावर सूर्यप्रकाशातले अतिनील-बी किरण, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे यूव्हीबी, पडले की त्याचं रूप बदलतं आणि अंगाच्या उबेने त्याचं व्हिटॅमिन डी३ होतं. ते यकृतात एकदा बदलतं, मूत्रपिंडात दुसऱ्यांदा बदलतं, आणि त्या शेवटच्या रूपात आतड्याला सांगतं की कॅल्शियम उचल. या साखळीत उबेला फार महत्त्व आहे. कासव थंड रक्ताचं. गार फरशीवर पडलेल्या कासवाच्या त्वचेत डी बनणंही मंदावतं, पचनही मंदावतं आणि भूकही मरते.

माणसाच्या पोरांना होणारा मुडदूस हा याच साखळीचा आजार. तो कसा उलगडला ते वाचण्यासारखं आहे. १९१९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी याने घरात कोंडून, ओटच्या लापशीवर वाढवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा होतो हे दाखवलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली बसवून बरं केलं. त्याने एका हातावरच प्रकाश टाकून पाहिलं, तर दुसऱ्या हाताचं हाडही भरून आलं. म्हणजे त्वचेत बनणारी वस्तू रक्तातून सगळीकडे फिरते. आज कासवाच्या टाकीवर लावतात तो यूव्हीबी दिवा याच विचाराचा नातू आहे.

साखळी तुटली की काय होतं? रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीच्या खाली जाऊन चालत नाही. हृदय, स्नायू, नसा सगळं त्यावर चालतं. रक्तातलं कॅल्शियम म्हणजे खिशातले रोजच्या खर्चाचे पैसे आणि हाडं म्हणजे बँकेतली ठेव. खिसा रिकामा होऊ लागला की मानेजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी ठेव मोडायला लागतात. हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं, कासव वरून ठीक दिसतं, आणि आतून कवच पोकळ होत जातं. हाडाच्या जागी तंतूंचा मऊ चिवट भाग भरतो. याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. पाळणाऱ्यांमध्ये नुसतं 'एमबीडी'.

यातून निघणारी एक गोष्ट फार जणांना चकवते. नुसता रक्ततपास केला तर कॅल्शियम नॉर्मल येऊ शकतं, कारण ठेव मोडून खिसा भरलेला असतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणून निर्धास्त होऊ नये. एक्स-रेमध्ये हाडं फिकट दिसतात, ते जास्त खरं सांगतात.

उन्हाला ब्रेक आहे, बाटलीला नाही

मग डी३ची पावडर किंवा थेंबच का देऊ नयेत? ऊन कशाला हवं? मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा इथे आहे. त्वचेत डी पुरेसं बनलं की पुढचं ऊन त्याच कच्च्या मालाचं रूपांतर दुसऱ्या, निरुपयोगी पदार्थांत करत राहतं. त्यामुळे उन्हाने डीचं विष होत नाही. तोंडाने दिलेल्या डीला असा कुठलाही ब्रेक नाही. ते चरबीत साठतं, कॅल्शियम रक्तात वाढवत राहतं, आणि शेवटी ते कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत, जिथे नको तिथे साचतं. मूत्रपिंड एकदा चुनखडीसारखं झालं की ते पूर्ववत करणं कोणाच्या हातात नसतं.

आपल्याकडे हा धोका घरातच असतो. डॉक्टरांनी आईला किंवा आजोबांना दिलेली साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी, आठवड्याला एक, ही आता घरोघरी दिसते. साठ किलोच्या माणसाला ती म्हणजे किलोमागे एक हजार युनिट. अर्ध्या किलोच्या कासवाच्या पोटात तीच पुडी गेली तर किलोमागे एक लाख वीस हजार, म्हणजे १२० पट. पूर्ण पुडी कोणी देत नाही हे मान्य. पण एक ग्रॅमच्या पुडीत साठ हजार युनिट असतील तर 'चिमूटभरच दिली' यातही हजारो युनिट येतात, आणि चिमूट कोणी मोजत नाही. ही पुडी कासवासाठी नाहीच.

तोंडावाटे डी घेऊन कासवं ते किती वापरतात, याबद्दल उन्हाइतकी खात्री देता येत नाही. दिव्यांचं बघायचं तर, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हर्मन कासवांचे गट करून काहींना नैसर्गिक ऊन आणि काहींना दोन प्रकारचे यूव्हीबी दिवे दिले होते. काही आठवड्यांनी रक्तातलं डी उन्हातल्या कासवांमध्ये स्पष्टपणे जास्त होतं. दिवे निरुपयोगी असा याचा अर्थ नाही. उन्हाची बरोबरी ते करत नाहीत, एवढं कळतं.

आता ऊन कोणतं? आपल्याकडे 'कोवळ्या उन्हात बसा, डी मिळतं' हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सकाळी सातच्या उन्हात ऊब असते, यूव्हीबी नगण्य असतं. सूर्य खाली असताना किरणांना हवेचा जाड थर पार करावा लागतो आणि त्यातलं यूव्हीबी वाटेतच गळतं. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की यूव्हीबी भरपूर. पुण्याच्या आसपास मे महिन्यात ही वेळ सव्वानऊ-साडेनऊलाच येते. डिसेंबरात मात्र जेमतेम साडेअकरा ते दीड. सावली थोडी लांब असतानाही काही ना काही मिळतं, पण साडेसातच्या उन्हावर भिस्त ठेवू नये.

आणि खिडकीच्या काचेआडचं ऊन हिशेबात धरू नये. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, पॉलिकार्बोनेटचे पत्रेही. बंद स्लायडिंगच्या आत, छान उजेडात ठेवलेलं कासव डीच्या दृष्टीने अंधारातच असतं. फ्लॅटमधल्या कासवांच्या मऊ कवचांमागे हे कारण सर्रास सापडतं. मालक शपथेवर सांगतो, "रोज उन्हात असतं हो", आणि ते ऊन काचेतून आलेलं असतं.

बाहेर ठेवताना दुसरी टोकाची चूकही होते. काचेची टाकी किंवा प्लास्टिकचा टब उचलून भर उन्हात ठेवला तर आत भट्टी होते आणि लहान कासव अर्ध्या तासात मरू शकतं. मोकळी जागा हवी, निम्म्या भागावर सावली हवी, पाण्याची उथळ ताटली हवी. कासवाला स्वतःहून सावलीत जाता आलं पाहिजे. ते बरोबर जातं. पिल्लांवर जाळी हवीच, कारण घार आणि कावळा दोघांनाही ती आवडतात. मांजरं-कुत्री वेगळीच. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ढग असतात तेव्हा यूव्हीबी कमी होतं, पण उघडीप पडली की बाहेर काढावं.

ऊन मिळणं शक्यच नसेल तर यूव्हीबी दिवा. इथे स्वस्तात काम होत नाही. ऑनलाइन तीनशे-चारशेला मिळणाऱ्या 'यूव्हीए यूव्हीबी' गोल बल्बांवर माझा विश्वास नाही. त्यातले पुष्कळ ऊब देतात आणि छापलेलं यूव्हीबी देतच नाहीत. टी५ प्रकारच्या लांब फ्लुरोसेंट नळ्या भरवशाच्या. त्या साधारण एक फूट ते दीड फूट अंतरावर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न येता, आणि ऊब देणाऱ्या दिव्याच्या शेजारी लावाव्यात, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी मिळतं. सुलकाटासाठी त्या जागेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असावं. नळीचा उजेड वर्षानुवर्षं चालू राहतो, पण यूव्हीबी आधी संपतं. म्हणून पॅकेटवरच्या सूचनेप्रमाणे, बहुतेक सहा महिने ते वर्षाने, ती बदलावी लागते. यूव्ही इंडेक्स मोजणारं मीटर मिळतं, पण महाग आहे. चार कासवं पाळणाऱ्यांनी मिळून एक घेणं परवडतं.

ताटात काय पडतं

आता डबीकडे. त्याआधी ताटाकडे, कारण वाईट ताट कितीही पावडरीने सुधारत नाही.

अन्नात कॅल्शियम किती यापेक्षा कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण काय, हे बघावं लागतं. फॉस्फरस जास्त झालं की ते आतड्यातच कॅल्शियमला बांधून ठेवतं. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट तरी हवं. काकडीत १०० ग्रॅममागे कॅल्शियम साधारण १६ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २४, म्हणजे उलटंच. टोमॅटो त्याहून वाईट, केळं त्याहूनही. आणि घरोघरी कासवाला नेमकं काकडी-टोमॅटो-केळंच मिळतं, कारण ते खाताना बघायला मजा येते. भिजवलेले हरभरे, पोळीचा तुकडा, कुत्र्याचं खाणं यातही फॉस्फरस भारी. शिवाय सुलकाटाच्या पोटाला ते मानवत नाही.

शेवग्याचा पाला मात्र सोनं आहे. शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, फॉस्फरस त्यामानाने थोडं. जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंग हे सगळं चालतं. पण सुलकाटा मुळात गवत चरणारं जनावर. त्याच्या ताटात तीन-चतुर्थांशाहून जास्त गवत असावं. दूर्वा, म्हणजे हरळी, त्याला उत्तम. औषध न फवारलेल्या जागेतली आणावी, आणि मंदिराच्या मागच्या ढिगातली हार-कुंकवाची सरमिसळ झालेली आणू नये.

पालक आणि माठाचा घोळ समजून घ्या. कागदावर दोघांत कॅल्शियम दिसतं, पण सोबत ऑक्झलेट एवढं असतं की ते कॅल्शियमला धरून बसतं. अधूनमधून चार पानं गेली तर काही बिघडत नाही. रोजचा पालक नको.

पावडर साधं कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस शून्य असलेलं, घ्यावं. कार्बोनेटच्या वजनाच्या ४० टक्के शुद्ध कॅल्शियम असतं. म्हणजे पाव ग्रॅम, एक छोटी चिमूट, यात १०० मिलिग्रॅम. पाला धुऊन किंचित ओला ठेवायचा, बारीक चिरायचा, वर चिमूट भुरभुरवून हाताने उलटसुलट करायचं. पाल्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर बसला तर ते जास्त झालं. कासव वास घेऊन तोंड फिरवतं. पान जेमतेम धुळकट दिसलं पाहिजे. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून चार-पाच दिवस, मोठ्या कासवाला दोन-तीन दिवस. अंड्यांवर आलेल्या मादीला जास्त. तिचं कॅल्शियम कमी पडलं तर अंडी आतच अडकतात, आणि ते प्रकरण जिवावर बेततं. डी३ मिसळलेली पावडर वेगळी मिळते. उन्हातल्या कासवाला तिची गरज नाही. घरातच राहणाऱ्याला ती आठवड्यातून एकदा चालते, तीही दिव्याची सोय पक्की होईपर्यंत, डॉक्टरांना विचारून. दिवा, ऊन आणि डीची पावडर तिन्ही एकदम जोरात लावून चालत नाही.

डबी विकत घ्यायची नसेल तरी पर्याय आहेत. समुद्रफेन, म्हणजे म्हाकुळाच्या जातभाईंच्या पाठीतली पांढरी हलकी फळी, पक्ष्यांच्या दुकानात कटलबोन म्हणून मिळते. कोकणच्या किनाऱ्यावर सहज वेचता येते. किनाऱ्यावरची असेल तर गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी बदलत, भिजवून मीठ काढा आणि वाळवा. मागची कडक बाजू खरवडून टाका. कासव हवं तेव्हा कुरतडतं, चोचही झिजते. अंड्याची टरफलं उकळून, कडक वाळवून, मिक्सरला वस्त्रगाळ केली तर तेही कॅल्शियम कार्बोनेटच.

काय नको ते नीट ध्यानात ठेवा. पानाला लावतात तो चुना अजिबात नको. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक. तोंड आणि अन्ननलिका भाजते. कुत्र्यांसाठीचं गोड कॅल्शियम सिरप नको. त्यात बहुधा फॉस्फरस आणि डी३ दोन्ही असतात. कोंबड्यांच्या खाद्यातली डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, पावडरही नको, तिच्या नावातच फॉस्फेट आहे. माणसाच्या कॅल्शियमच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डी३ असतंच, त्यामुळे 'अर्धी गोळी कुटून' हा प्रकारही बंद. आणि लक्षणं दिसताच कोणी व्हिटॅमिनचं इंजेक्शन ठोकायला निघालं तर आधी विचारा, कशाचं? व्हिटॅमिन ए इंजेक्शनने जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते.

लघवीतला पांढरा खडूसारखा लगदा बघून 'कॅल्शियम जास्त झालं' म्हणून पावडर बंद करणारे पुष्कळ. तो लगदा युरेटचा असतो, कासवाच्या लघवीचाच भाग. मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा खरखरीत लागला तर कासवाला पाणी कमी पडतंय. कोमट उथळ पाण्यात वीस मिनिटं बसवा.

पाठीवरचे डोंगर ही वेगळी गोष्ट

कवचाचा प्रत्येक चौकोन पिरॅमिडसारखा वर आलेला दिसला की लोक कॅल्शियम वाढवतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ मध्ये सुलकाटाच्याच पिल्लांवर अभ्यास केला, तेव्हा त्या डोंगरांचा संबंध प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याशी जास्त दिसला. कोरड्या हवेत वाढलेल्यांची पाठ जास्त खडबडीत झाली. वाळवंटी कासव म्हणून कोरडं ठाक ठेवायचं हा समज पिल्लांच्या बाबतीत उलटा पडतो. लपायच्या जागेत ओलसर माती किंवा शेवाळ ठेवावं.

एमबीडी ओळखायचं तर कासवाला चालताना बघा. निरोगी सुलकाटा चारही पायांवर पोट उचलून, ताठ चालतं. ज्याची हाडं खचली ते पोट फरशीवर घासत सरकतं. कवचाच्या कडा वर वळतात, कवच अंगाला आखूड पडल्यासारखं दिसतं, जबडा रबरासारखा लवतो, पाय थरथरतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटाकडचा भाग जरा लवचीक असतो, त्याने घाबरू नये. पण वर्षभराच्या कासवाची पाठ बोटाने दबली तर पावडर वाढवत घरी बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे न्या, एक्स-रे काढा, आणि तोवर त्याला उचलणं-खेळवणं बंद ठेवा, कारण अशी हाडं हाताच्या दाबानेही मोडतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात. हाड पुन्हा घट्ट होतं. वाकलेलं कवच आणि वाकडा जबडा मात्र सहसा तसाच राहतो.